टक्के कशावर? चकलीच्या पाकिटापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत घरचा हिशोब

दिवाळीच्या महिनाभर आधी आमच्या शेजारच्या काकू वही घेऊन आल्या, चेहरा पार उतरलेला. भाजणीच्या चकल्या करून विकतात त्या, हाताला चव आहे, दुकानदार परत परत ऑर्डर देतोय, आणि तरी महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. "अगं मी खर्चावर २५ टक्के चढवते, दुकानदार २५ टक्के घेतो, म्हणजे नफा त्याला गेला समज, पण माझी मजुरी तरी सुटायला हवी ना?" त्यांची वही बघितली तर बेरजा सगळ्या बरोबर होत्या. चूक एकाच जागी होती, त्यांचे २५ टक्के खर्चावरचे होते आणि दुकानदाराचे २५ टक्के छापील किमतीवरचे.

आमच्या बचत गटाचा हिशोब गेली काही वर्षं मी लिहिते, आणि बायकांच्या, पोरांच्या, छोट्या दुकानदारांच्या वह्या बघून मला एक गोष्ट पक्की कळलीय. गणित कुणाचं कच्चं नसतं, आपल्याकडच्या जुन्या लोकांना तर पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असायच्या. घोळ होतो तो टक्क्यांपाशी, कारण टक्के एकटे कधीच काही सांगत नाहीत. म्हणून पहिली पायरी हीच, कुणीही टक्के सांगितले की वहीत ते वाक्य पूर्ण करून लिहायचं: किती टक्के, कशावर, आणि किती दिवसांचे. या तीन जागा भरल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. खालची सगळी उदाहरणं याच तीन जागा भरत सोडवलीयत, आकडे तुमचे टाका, पद्धत तीच राहील.

आधी कळू दे की पडतं कितीला

काकूंची २ किलो भाजणीची एक खेप धरू. भाजणी १४० रुपये किलोने २८०. तेल, मोहनाचं आणि तळणीत मुरलेलं धरून, १२०. तीळ, ओवा, तिखट, मीठ ४०. गॅस ३०. पाकिटं आणि स्टिकर १० नग, ६ रुपयांनी ६०. आणि काकूंचे स्वतःचे ४ तास, ७५ रुपये तासाने ३००. हे शेवटचं ३०० बहुतेक घरी लिहिलंच जात नाही, "माझंच तर काम आहे" म्हणून सोडून देतात, आणि मग उद्या ऑर्डर वाढली, मदतीला बाई ठेवली की तिचा पगार द्यायला किमतीत जागाच नसते. तर एकूण झाले ८३०.

आता भागायचं कशाने? खेपेतून चकल्या निघतात साधारण २ किलो ७०० ग्रॅम. पण त्यातल्या सोऱ्यातून काढताना तुटलेल्या, तळताना विरलेल्या, कुणाला चव बघायला दिलेल्या अशा २०० ग्रॅम जातात, विकायला उरतात अडीच किलो. काकू २.७ ने भागत होत्या, उत्तर येत होतं ३०७ रुपये किलो. खरं उत्तर ८३० ÷ २.५ = ३३२. किलोमागे २५ रुपये इथेच गळत होते, आणि हे पापड, मसाला, शिवणकाम, भाजीचा गाळा सगळीकडे लागू आहे, जेवढा माल विकला जातो तेवढ्यानेच खर्चाला भागायचं, जेवढा तयार होतो तेवढ्याने नाही. भाजीवाल्याने २० किलो टोमॅटो ४०० ला घेतले आणि ३ किलो नासले तर त्याला टोमॅटो २० ला पडले नाहीत, साडेतेवीसला पडले.

चढवलेले टक्के आणि कापलेले टक्के

३३२ वर २५ टक्के चढवले की ८३, म्हणजे छापील किंमत ४१५. दुकानदार ४१५ चे २५ टक्के कापतो, ते होतात १०३.७५. काकूंच्या हातात ३११.२५. खर्च ३३२. किलोमागे २० रुपये ७५ पैसे त्यांच्या मजुरीतून जात होते, आणि ४० किलो विकल्या की बरोबर ८३०, म्हणजे अख्ख्या एका खेपेचा खर्च गायब.

बरोबर रीत उलट्या बाजूने सुरू होते. छापील किंमत म्हणजे १०० भाग समजा. दुकानदाराचे २५ भाग गेले. काकूंना स्वतःला त्याच किमतीवर १५ भाग नफा हवा, तेही गेले. उरले ६० भाग, आणि या ६० भागांत ३३२ रुपये खर्च बसला पाहिजे. म्हणजे किंमत = ३३२ ÷ ६० × १०० = ५५३. आपण ५६० धरली, पाव किलोचं पाकीट १४० ला. ताळा करून बघा: ५६० तून दुकानदाराचे १४० गेले, उरले ४२०, त्यातून ३३२ गेले, हातात ८८. ताळा करायचाच, उत्तर आलं की ते परत वरून खाली उतरवून बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे आणि याच्याने बऱ्याच चुका जागेवर सापडतात.

तोंडी करायचं असेल तर एक सोपी खूण आहे. किमतीतला पाचवा हिस्सा नफा हवा असेल तर खर्चावर चौथा हिस्सा चढवा. किमतीतला चौथा हिस्सा हवा तर खर्चावर तिसरा. तिसरा हवा तर खर्चाच्या निम्मे चढवा, आणि निम्मा हवा तर सरळ दुप्पट. एक पायरी खालचा हिस्सा, एवढंच लक्षात ठेवायचं. काकूंनी हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय आणि आता दुकानदार बोलताना त्या मान खाली घालून बसत नाहीत.

दुकानदार कधी असंही म्हणतो की पैसे महिन्याने देतो, रोख हवे तर २ टक्के सोडा. दोनच टक्के ना, असं वाटतं. पण तिसरी जागा भरा, किती दिवसांचे? ३० दिवसांचे २ टक्के, वर्षाला २४. गटातून शेकडा २ नेच (१०० रुपयांना महिन्याला २ रुपये व्याज) पैसे उचलून भाजणी दळत असाल तर रोख घेणं आणि थांबणं जवळपास सारखंच, वरून बुडण्याची भीती वेगळी, म्हणून मी रोख घ्यायला सांगते.

जीएसटी आत आहे की वर

यात मोठी मोठी माणसं चुकतात. २,९५० चं बिल आहे, १८ टक्के जीएसटी धरून. त्यातला टॅक्स किती? लोक २,९५० चे १८ टक्के काढतात, ५३१ येतात, आणि ते चूक. टॅक्स मूळ किमतीवर लागलाय, बिलावर नाही. मूळ किंमत १०० भाग, टॅक्स १८ भाग, बिल ११८ भाग. म्हणून २,९५० ÷ ११८ × १०० = २,५०० मूळ, टॅक्स ४५०. टॅक्स ५ टक्के असेल तर १०५ ने भागा. चकली, चिवडा, शेव यांच्यासारख्या नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणीच लागत नाही, त्यामुळे काकूंच्या बिलात तो येत नाही, पण पाकिटं आणि मशीन घेताना त्या भरतात तो जीएसटी मात्र त्यांच्या खर्चातच धरायचा, कारण तो परत मिळणार नाही.

सेलच्या पाट्याही याच घरातल्या. ५० टक्के अधिक २० टक्के सूट म्हणजे ७० नाही, १,००० चे ५०० होतात आणि पुढचे २० टक्के त्या ५०० वर, म्हणजे ४०० द्यायचे, सूट ६० टक्के.

१४ टक्के महाग आणि २४ टक्के स्वस्त, असं कसं

हा भाग जरा सावकाश वाचा कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. काकूंना चकलीचं मशीन आणि सीलिंग मशीन घ्यायला ५०,००० हवे होते, २ वर्षांसाठी. बाहेरच्या एका एजंटने सांगितलं, १४ टक्के फ्लॅट. आमच्या गटाचं व्याज शेकडा २ महिन्याला, म्हणजे वर्षाला २४. घरातले सगळे म्हणाले गटाचं कर्ज घेऊच नको, १० टक्के महाग आहे.

वहीत वाक्य पूर्ण केलं. एजंटचे १४ टक्के कशावर? सुरुवातीच्या पूर्ण ५०,००० वर, दोन्ही वर्षं. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम दोन हजार मुद्दल उरलेलं असतं तरी व्याज ५०,००० चंच चालू. ५०,००० चे १४ टक्के ७,०००, दोन वर्षांचे १४,०००. एकूण ६४,०००, २४ हप्ते, प्रत्येकी २,६६७.

गटाचे २ टक्के कशावर? उरलेल्या मुद्दलावर. दरमहा २,०८३ मुद्दल फेडायचं. पहिल्या महिन्याचं व्याज ५०,००० वर १,०००, दुसऱ्या महिन्याचं ४७,९१७ वर ९५८, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याचं व्याज फक्त ४२ रुपये. २४ ओळी लिहायची गरज नाही, पहिलं आणि शेवटचं व्याज मिळवून निम्मं करा आणि महिन्यांनी गुणा: १,००० आणि ४२ चं निम्मं ५२१, गुणिले २४, साधारण १२,५००. म्हणजे २४ टक्केवाल्याचं व्याज १२,५०० आणि १४ टक्केवाल्याचं १४,०००. गटाचे सुरुवातीचे हप्ते जड जातात हे खरं, पहिला हप्ता ३,०८३ चा येतो. पण सगळे हप्ते सारखे करून घेतले तरी शेकडा २ ने हप्ता २,६४४ च्या आसपास बसतो, तरीही एजंटपेक्षा कमीच.

एक ते तीन वर्षांच्या कर्जाला अंदाजासाठी फ्लॅट दराला १.८ ने गुणा. १४ × १.८ = २५.२, आणि खरा दरही २५ च्या जवळच निघतो.

अजून संपलं नाही. एजंटच्या कागदावर बारीक अक्षरात प्रोसेसिंग फी २ टक्के होती, १,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १८०, आणि विमा १,०००. हातात येणार ४७,८२०, फेड मात्र ५०,००० ची. मोबाईलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये रेट नावाचं फंक्शन असतं, त्यात महिने २४, हप्ता उणे २,६६७, हातात आलेली रक्कम ४७,८२० टाकायची आणि उत्तराला १२ ने गुणायचं. उत्तर आलं २९.७ टक्के. सांगताना १४, प्रत्यक्षात ३० ला टेकलेलं.

हे गणित जमत नसेल तरी अडू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्जाला आणि छोट्या उद्योगाच्या मुदत कर्जाला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद, द्यायचं असतं, त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, त्यात फी वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर येतो. सही करायच्या आधी तो कागद मागा, दोन कर्जांची तुलना त्या एकाच आकड्यावर करा. तोंडी सांगितलेला दर, हप्ता परवडतोय का, या गोष्टी नंतर.

रोजचा हप्ता आणि शेकडा ३

बाजारपेठेत १०० दिवसांचं कर्ज चालतं. १०,००० म्हणायचे, १,००० आधीच कापून ९,००० हातात द्यायचे, आणि रोज १०० रुपये १०० दिवस. लोकांना वाटतं १० टक्के व्याज. तीन जागा भरू. कशावर? हातात आले ९,०००, आणि तेही रोज कमी होत जाणार, म्हणजे सरासरी तुमच्याकडे राहिले साडेचार हजारच. साडेचार हजारांवर १,००० म्हणजे २२ टक्के. किती दिवसांचे? १०० दिवसांचे. वर्षाला नेलं की ७५ च्या वर जातं. माझ्या ओळखीतल्या एका भाजीवाल्या ताईंनी असं कर्ज फेडायला दुसरं असंच कर्ज घेतलं होतं, त्यांच्या वहीत दोन वर्षांत मुद्दल एक रुपयाही कमी झालेलं नव्हतं, ते पान बघून मला खरंच रडू आलं.

शेकडा ३ ने उचललेले पैसे किती दिवसांत दुप्पट होतात ते ७२ च्या युक्तीने बघा, ७२ ÷ ३ = २४, व्याज न देता मुद्दलात चढत गेलं तर २४ महिन्यांत दुप्पट. हीच युक्ती ठेवीला लावा, ७ टक्क्यांच्या एफडीला ७२ ÷ ७, जवळपास सव्वादहा वर्षं. एकीकडे एफडी राखून ठेवायची आणि दुसरीकडे शेकडा ३ ने उचलायचं हे खूप घरांत चालतं. एफडी मोडा, किंवा तिच्यावर कर्ज काढा. आणि व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणाऱ्याला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो, तो आहे का हे विचारायला लाजू नका.

घराचं कर्ज, थोडक्यात

२० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता १७,३५६. पहिल्या महिन्याचं व्याज काढा: २० लाखांचे ८.५ टक्के १,७०,०००, भागिले १२, १४,१६७. म्हणजे पहिल्या हप्त्यातले मुद्दलाला गेले फक्त ३,१८९. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जास्तीचे भरलेले पैसे सगळ्यात जास्त कामाला येतात, ते सगळेच्या सगळे मुद्दलावर पडतात. हाच हप्ता पहिल्यापासून २०,००० भरला, म्हणजे महिन्याला २,६४४ जास्त, तर कर्ज २० ऐवजी साधारण साडेचौदा वर्षांत फिटतं आणि एकूण पावणेसात लाखांच्या आसपास वाचतात. बँकेला मात्र लेखी सांगा की जास्तीचे पैसे मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा, हप्ता कमी करू नका.

सोन्याचं पण सांगून टाकते. सोपं जावं म्हणून ग्रॅमला १०,००० भाव धरू, १० ग्रॅमचे १,००,०००. मजुरी १२ टक्के, १२,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी ३,३६०. बिल १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर जास्तीत जास्त १,००,००० चं सोनं आहे हातात. म्हणजे भाव १५ टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. मजुरीवर ५० टक्के सूट असं लिहिलेलं असतं ना, ती १२,००० वरची सूट, अख्ख्या बिलाच्या मानाने ५ टक्क्यांच्या आसपास. लेकीच्या लग्नाला दागिना जरूर घ्या, पण गुंतवणूक म्हणून घेत असाल तर हा हिशोब आधी मांडा.

स्टॉल लावावा की नाही

परत काकूंकडे येते, कारण त्यांना दिवाळीच्या प्रदर्शनात ३ दिवसांचा स्टॉल मिळत होता. भाडं ६,०००, टेम्पो आणि जेवणखाण १,५००, म्हणजे माल विको न विको, ७,५०० जाणारच. पाकीट १४० ला थेट गिऱ्हाइकाला, मधे दुकानदार नाही. एका पाकिटाचा खर्च ३३२ चा पाव हिस्सा, ८३. म्हणजे एका पाकिटामागे ५७ सुटतात. ७,५०० ÷ ५७ = १३१.६, म्हणजे १३२ पाकिटं विकली की भाडं फिटलं आणि १३३ व्या पाकिटापासून कमाई.

पण इथे थांबायचं नाही, पुढचं गणित जास्त महत्त्वाचं आहे. १३२ पाकिटं म्हणजे ३३ किलो, खेपेला अडीच किलो म्हणजे १४ खेपा, खेपेला ४ तास म्हणजे ५६ तास गॅससमोर. एवढं होणार आहे का? काकूंनी सुनेला आणि गटातल्या दोघींना मजुरीवर घेतलं, मजुरी खर्चात आधीच धरलेली होती त्यामुळे किंमत हलवावी लागली नाही.

मग शेजारच्या स्टॉलवाल्यांचं बघून घरातून सल्ला आला की १२० ला देऊ, जास्त खपेल. २० रुपयेच तर कमी करायचे. पण १२० ला पाकिटामागे सुटतात ३७, आणि ७,५०० ÷ ३७ म्हणजे २०३ पाकिटं. किंमत १४ टक्क्यांनी उतरवली की खप ५४ टक्क्यांनी वाढायला पाहिजे, तेव्हा कुठे भाडं फिटणार. काकूंनी १४० च ठेवली, पण चवीला एक एक तुकडा हातावर ठेवायच्या, त्यासाठी मोडक्या चकल्यांचा डबा आणला होता, ज्याचा खर्च त्या २०० ग्रॅममध्ये आधीच धरलेला.

स्टॉलच्या मागे त्यांनी वही उघडी ठेवली होती, पाकीट गेलं की एक रेघ, पाचवी रेघ आडवी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी पोचले तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि काकू एका हाताने पिशवी देत दुसऱ्या हाताने मला वही दाखवत होत्या, १३२ व्या रेघेखाली त्यांनी जाड रेघ ओढली होती आणि तिच्या खाली सहा नवीन रेघा होत्या.